कागदाच्या तळाची ओळ

छापलेला कुठलाही कागद हाती आला की मी आधी त्याचा तळ वाचते, मजकूर नंतर. कऱ्हाडला आमच्या अण्णांचा छापखाना होता. एक ट्रेडल छपाईयंत्र, भिंतीशी लावलेल्या अक्षरांच्या खिळ्यांच्या केसेस, आणि कामं म्हणाल तर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल, यात्रेची पत्रकं. निवडणूक लागली की मात्र रात्रंदिवस हँडबिलं. शाळा सुटल्यावर मीही केससमोर उभी राहून खिळे जुळवायची. मजकूर कोणीही जुळवो, शेवटची ओळ अण्णा स्वतः जुळवायचे: मुद्रकाचं नाव, छापखाना, गाव. १८६७ सालच्या कायद्याने ती ओळ प्रत्येक छापील कागदावर सक्तीची केली होती, आणि निवडणुकीच्या पत्रकांसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यातही ती मागितलेली आहे. अण्णा म्हणायचे, "भाषण त्याचं, पण उद्या विचारायला येतील ते या पत्त्यावर."

मुलगी बॉस्टनजवळ राहायला गेली तेव्हापासून मला अमेरिकन क्रांतीच्या काळातल्या एकपानी पत्रकांचा नाद लागला. तिथे त्यांना ब्रॉडसाइड म्हणतात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने अशी हजारो पत्रकं स्कॅन करून सर्वांना खुली केली आहेत. घरबसल्या एकेक अक्षर मोठं करून पाहता येतं. कुठे खिळा झिजलाय, कुठे ओळ किंचित वाकलीय, सगळं दिसतं. इतिहासाच्या पुस्तकांत या कागदांवरचा मजकूर भेटतो, सह्या करणाऱ्यांची चरित्रं भेटतात. तळाच्या ओळीतला माणूस फारसा भेटत नाही. मला मात्र त्या वर्षांची धग सगळ्यात आधी त्याच ओळीत जाणवते, म्हणून हे कागद मी तिथूनच वाचायचं ठरवलं.

ब्रॉडसाइड म्हणजे एकाच बाजूने छापलेला सुटा कागद. पाठ कोरी ठेवायची, कारण तो डकवायचा असतो: सराईच्या भिंतीवर, न्यायालयाच्या दारावर, गावसभेच्या इमारतीवर. आपल्याकडची दवंडी कागदावर उतरली असती तर अशीच दिसली असती. गव्हर्नरचा जाहीरनामा याच रूपात निघे आणि त्याच गव्हर्नरवर तुटून पडणारं पत्रकही याच रूपात. वर्तमानपत्रं बहुतेक आठवड्यातून एकदा निघत. पत्रक मात्र सकाळी हातात मजकूर पडला की संध्याकाळी भिंतीवर.

यंत्र लाकडी, हातदाबाचं. त्यावर दोन माणसं लागत. एकाच्या दोन्ही हातांत दांडीचे शाईचे गोळे, आत लोकर आणि वर कातडं. ते जुळवलेल्या खिळ्यांवर थोपटून तो शाई लावी. दुसरा कागद बसवी, खिळ्यांची चौकट दाबाखाली सरकवी आणि दांडा ओढी. कागद चिंध्यांपासून हाताने केलेला. तो आदल्या दिवशीच ओलवून ठेवावा लागे, कारण दमट कागद शाई नीट धरतो. छापून झाला की दोरीवर वाळत घालायचा. दोन कसलेली माणसं तासाला दोनशे-अडीचशे प्रती काढत. खिळे बहुतेक इंग्लंडहून येत. ज्या राजाविरुद्ध लिहायचं, त्याच्याच देशातल्या ओतशाळेतून आलेल्या अक्षरांनी.

छापखान्यांचे हे धंदेवाले लोक राजकारणात ओढले गेले ते १७६५ च्या स्टॅम्प कायद्यामुळे. ब्रिटिश संसदेने वसाहतींतल्या छापील आणि कायदेशीर कागदांवर कर बसवला. वर्तमानपत्राच्या पूर्ण तावाला एक पेनी, आणि त्यातल्या प्रत्येक जाहिरातीला दोन शिलिंग. छापखानेवाल्याचं पोट जाहिरातींवर चालतं, तेव्हा या कायद्याने सरकारने नेमकं अशा माणसांचं वैर ओढवून घेतलं ज्यांच्या हातात खिळे होते. मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला, पण ती बातमी अटलांटिक ओलांडून बॉस्टनला पोचायला मे महिन्याची १६ तारीख उजाडली. शुक्रवार, सकाळी अकराची वेळ. जॉन हॅनकॉकच्या मालकीचं 'हॅरिसन' जहाज बंदराला लागलं आणि लगोलग एक पत्रक निघालं. त्याचा तळ पाहण्यासारखा आहे. बॉस्टनमधल्या ड्रेपर, एडीस आणि गिल, ग्रीन आणि रसेल, फ्लीट अशा चार छापखान्यांची नावं एका ओळीत आहेत. एरवी हे एकमेकांचे स्पर्धक. त्यांतले काही सरकारी कामं करणारे, तर एडीस आणि गिल सरकारचे कडवे टीकाकार. त्या दिवशी चौघांनी मिळून लोकांसाठी म्हणून छापलं, आणि आपापल्या वर्गणीदारांना प्रत फुकट मिळेल असंही खाली नमूद केलं. धंद्यातल्या माणसाला कळेल, ही केवढी गोष्ट आहे.

याच्या उलट गोष्ट न्यूयॉर्कची, तीन वर्षांनंतरची. इथे तळाची ओळच नाही.

डिसेंबर १७६९ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने शहरात ठेवलेल्या ब्रिटिश फौजेच्या खर्चासाठी दोन हजार पौंड मंजूर केले. लगेच १६ तारखेच्या एका पत्रकाने शहर आणि वसाहतीतल्या 'विश्वासघात झालेल्या' रहिवाशांना हाक घातली आणि आपल्याच प्रतिनिधींनी आपल्याला विकलं असं खडसावून सांगितलं. सही 'स्वातंत्र्याचा एक पुत्र' अशी. छापणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. ते भिंतींवर कसं लागलं याचीही एक गोष्ट सांगतात: एक माणूस पाठीवर मोठी पेटी घेऊन फिरत असे, दमल्यासारखा भिंतीला टेकत असे, आणि पेटीतला लहान मुलगा मागची फळी सरकवून भिंतीवर कागद चिकटवत असे.

विधिमंडळाने पत्रकाला राजद्रोही बदनामी ठरवलं आणि प्रभारी गव्हर्नर कॅडवॉलडर कोल्डनने जाहीरनामा काढून लेखकाचं नाव सांगणाऱ्याला शंभर पौंडांचं बक्षीस लावलं. म्हणजे शहरात आता दोन कागद होते, एक निनावी आणि दुसरा त्या निनावी माणसाचं नाव विकत मागणारा. ते नाव फुटलं छापखान्यातूनच. जेम्स पार्करच्या दुकानातल्या एका कामगाराने सांगितलं की पत्रक इथे छापलं गेलं. पार्कर मोठा मुद्रक, शिवाय टपाल खात्यात अधिकारी. पकडून आणल्यावर, नोकरी आणि धंदा दोन्ही जायची वेळ आल्यावर, त्याने नाव घेतलं: अलेक्झांडर मॅकडूगल, स्कॉटलंडहून आलेला एक दर्यावर्दी व्यापारी.

पार्करला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लेखकाला टोपणनाव घेता येतं. छापखाना दडवता येत नाही. त्याचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो, त्याच्या खिळ्यांची झीजसुद्धा ओळखता येते.

मॅकडूगलने जामीन नाकारला आणि तुरुंगात गेला. तिथे त्याला भेटायला एवढी रीघ लागली की त्याला भेटीच्या वेळा ठरवून द्याव्या लागल्या. लंडनमध्ये जॉन विल्क्स हा राजावर टीका केल्याबद्दल गाजला होता तो त्याच्या साप्ताहिकाच्या ४५व्या अंकामुळे. म्हणून ४५ हा आकडाच स्वातंत्र्याची खूण झाला होता. वर्षाच्या ४५व्या दिवशी, १४ फेब्रुवारी १७७० ला, ४५ मित्र तुरुंगात जेवायला गेले आणि त्यांनी ४५ महिन्यांच्या बैलाचं ४५ पौंड मांस खाल्लं. खटला मात्र उभा राहिलाच नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये पार्कर वारला आणि त्याच्याबरोबर सरकारचा साक्षीदारही गेला. पुढे मॅकडूगल जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यात मेजर जनरल झाला.

अशीच एक निनावी धमकी फिलाडेल्फियातून नोव्हेंबर १७७३ मध्ये निघाली. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा घेऊन 'पॉली' नावाचं जहाज येत होतं. ही तीच कंपनी, जिच्याशी त्याच दशकात इकडे पुणे दरबाराचं युद्ध जुंपणार होतं. पत्रक डेलावेअर नदीतल्या वाटाड्यांना आणि जहाजाचा कप्तान एअर्स याला उद्देशून होतं. जहाज आत आणलंत तर डोक्यावर दहा गॅलन पातळ डांबर आणि त्यावर डझनभर रानहंसांची पिसं, असा बेत त्यात तपशीलवार सांगितला होता. खाली सही होती 'डांबर आणि पिसं समिती'ची. कप्तान किनाऱ्यापर्यंत आला, जमावाचा अंदाज घेतला आणि चहासकट लंडनला परत गेला.

आता राजाच्या बाजूचा तळ पाहू. २३ ऑगस्ट १७७५ ला तिसऱ्या जॉर्जने वसाहती उघड बंडात आहेत असं जाहीर करणारा जाहीरनामा काढला. खालची ओळ सांगते: लंडन, मुद्रक चार्ल्स एअर आणि विल्यम स्ट्रॅहन, राजाचे मुद्रक. हा स्ट्रॅहन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनचा जुना मित्र. दोघेही मुद्रक. १७४० च्या दशकापासून त्यांचा पत्रव्यवहार. स्ट्रॅहननेच पाठवलेल्या डेव्हिड हॉल या कारागिराला फ्रँकलिनने पुढे आपल्या फिलाडेल्फियाच्या छापखान्यात भागीदार करून घेतलं होतं. स्ट्रॅहन पुढे संसदेतही गेला आणि सरकारच्या बाजूने राहिला. जाहीरनाम्याच्या सातच आठवडे आधी, ५ जुलैला, फ्रँकलिनने त्याला एक कडवट पत्र लिहिलं: आपण इतकी वर्षं मित्र होतो, आता तू माझा शत्रू आहेस. ते पत्र त्याने पाठवलं नाही. दोघांचं एकमेकांना लिहिणं पुढेही चालू राहिलं. मला मात्र जाहीरनाम्याचा तळ वाचताना ते न पाठवलेलं पत्र आठवतंच.

सरकारी जाहीरनाम्यांत आणखी एक शेवटची ओळ असे, 'देव राजाला सुखी ठेवो' या अर्थाची. मॅसॅच्युसेट्समध्ये उपवासाचे, आभारदिनाचे, बंदोबस्ताचे सगळे जाहीरनामे याच ओळीने संपत. जानेवारी १७७६ मध्ये तिथल्या प्रातिनिधिक सभेने न्यायालयांत आणि गावसभांत वाचण्यासाठी एक जाहीरनामा काढला. तो जॉन अ‍ॅडम्सने लिहिला होता. त्याच्या शेवटी राजा नाही. तिथे 'देव लोकांना सुखी ठेवो' असं आहे. स्वातंत्र्याची घोषणा अजून सहा महिने लांब होती. एका शब्दाचे खिळे काढून दुसरे बसवायला जुळाऱ्याला मिनिटभर लागलं असेल.

या सगळ्या कागदांत मला सर्वात अस्वस्थ करणारा कागद जहाजावर छापलेला आहे.

व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर १७७५ मध्ये राजधानी सोडून नॉरफोकच्या किनाऱ्याजवळ जहाजावर राहत होता. नॉरफोकमध्ये जॉन हंटर होल्टचं वर्तमानपत्र त्याच्यावर सतत टीका करी. ३० सप्टेंबरला डनमोरचे सैनिक भरदिवसा किनाऱ्यावर उतरले, होल्टचा छापखाना उचलला आणि दोन कामगारांसह जहाजावर नेला. होल्ट निसटला. ज्या खिळ्यांनी गव्हर्नरवर टीका छापली जायची, तेच आता त्याच्या ताब्यात आले.

त्यानंतरचा जाहीरनामा ७ नोव्हेंबरचा आहे. त्यात लष्करी कायदा पुकारला. शस्त्र धरू शकणाऱ्या प्रत्येकाने राजाच्या निशाणाखाली यावं, नाहीतर तो राजद्रोही. आणि मग ते वाक्य येतं, ज्याने व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांची झोप उडाली: बंडखोरांच्या मालकीचे जे करारबद्ध नोकर आणि काळे गुलाम शस्त्र घेऊन राजाच्या फौजेत सामील होतील ते स्वतंत्र. शेवटी डनमोरचं नाव आणि राजासाठीची प्रार्थना. छापणाऱ्याचं नाव नाही. धरून आणलेले हात आपलं नाव कसं घालणार?

डनमोरला गुलामांचा कळवळा नव्हता. राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना हे लागू नव्हतं आणि त्याच्या स्वतःकडच्या गुलामांनाही नव्हतं. पण कागद एकदा भिंतीवर लागला की लिहिणाऱ्याच्या हेतूपुरता राहत नाही. ज्यांना वाचायला शिकू दिलं जात नव्हतं, त्यांच्यापर्यंत तो तोंडातोंडी पोचला. रात्री होड्या काढून माणसं, बायका, मुलं जहाजांकडे निघाली. आठशे ते हजार पुरुष डनमोरच्या फौजेत पोचले असं इतिहासकार धरतात. त्यांच्या तुकडीला इथिओपियन रेजिमेंट म्हणत. गर्दीच्या तळांवर देवी पसरली आणि त्यांतले शेकडो त्या साथीत मेले. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन मळ्यावरून हॅरी वॉशिंग्टन नावाचा एक गुलाम १७७६ मध्ये पळून ब्रिटिशांकडे गेला. युद्धानंतर तो नोव्हा स्कॉशियात आणि तिथून आफ्रिकेत सिएरा लिओनला पोचला. व्हर्जिनियाच्या बंडखोर सभेनेही डिसेंबरमध्ये उलट पत्रक काढलं: परत आलात तर माफी, शस्त्रासह सापडलात तर मृत्यू. दोन्ही कागद स्वातंत्र्याबद्दलच बोलत होते.

आणि मग ४ जुलै १७७६, गुरुवार. फिलाडेल्फियात वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने स्वातंत्र्याच्या घोषणापत्राचा मजकूर मंजूर केला आणि तो छापून घ्यायचा हुकूम दिला. काम गेलं जॉन डनलॅपकडे. आयर्लंडच्या स्ट्रबेन गावचा हा पोरगा लहानपणी फिलाडेल्फियात मुद्रक काकाकडे आला, तिथेच धंदा शिकला आणि काकाचा छापखाना चालवू लागला. त्या रात्री तो २९ वर्षांचा होता. मजकूर तेराशेहून अधिक शब्दांचा, सगळा एका पानात बसवायचा, आणि सकाळी प्रती रवाना व्हायच्या.

घाई कागदांवर उमटलेली आहे. काही प्रती तिरक्या छापल्या आहेत. काही शाई वाळायच्या आत घडी घालून पाठवल्या, त्यामुळे वरच्या अर्ध्या मजकुराचा उलटा ठसा खालच्या अर्ध्यावर पुसट दिसतो. सुमारे दोनशे प्रती निघाल्या असाव्यात असा अंदाज आहे. डनलॅपच्या हातात दिलेली हस्तलिखित प्रत आज कुठेही नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. जुळाऱ्यांकडे गेलेला मजकूर तुकडे करून वाटला जातो, शाईची बोटं त्यावर उमटतात, आणि काम संपलं की तो केराच्या टोपलीत जातो.

आता या कागदाचा तळ. आपण चित्रांत पाहतो ते छप्पन सह्यांचं चर्मपत्र नंतरचं आहे. ते टिमोथी मॅटलॅकने हाताने लिहिलं आणि बहुतेकांनी त्यावर २ ऑगस्टला सह्या केल्या. ४ जुलैच्या छापील पानावर तीनच नावं आहेत: काँग्रेसचा अध्यक्ष जॉन हॅनकॉक, सचिव चार्ल्स थॉमसन, आणि खाली, फिलाडेल्फिया, मुद्रक जॉन डनलॅप. बाकीच्या सभासदांची नावं पुढच्या जानेवारीपर्यंत जाहीर झाली नव्हती. राजद्रोहाची शिक्षा फाशी असताना जो कागद गावोगाव गेला, त्यावर एका छापखानेवाल्याने आपलं नाव आणि गाव छापलं होतं. पुढच्या वर्षी ब्रिटिश फौज फिलाडेल्फियात शिरली तेव्हा त्याला छापखाना लँकेस्टरला हलवावा लागला.

५ आणि ६ जुलैला हॅनकॉकने प्रती सगळीकडे पाठवल्या. फिलाडेल्फियातल्या स्टायनर आणि सिस्ट यांनी तिथल्या जर्मन शेतकऱ्यांसाठी जर्मन भाषेत पत्रक काढलं. ८ जुलैला जॉन निक्सनने फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसच्या आवारात घोषणापत्र मोठ्याने वाचलं. ९ तारखेला न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टनने ते आपल्या फौजेपुढे वाचायला लावलं. त्या संध्याकाळी जमावाने बोलिंग ग्रीनमधला तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावरचा शिशाचा पुतळा दोर लावून पाडला. त्यातलं बरंचसं शिसं कनेटिकटमधल्या लिचफील्डला गेलं आणि तिथल्या बायका-मुलांनी त्याच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या. खिळे ओतायचे तेही शिशाचेच, हे माझ्यासारखीच्या मनातून जात नाही.

हे कागद डोळ्यांपेक्षा कानांसाठी होते, याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा सेलम गावच्या इझेकिएल रसेलने छापलेल्या प्रतीत आहे. मॅसॅच्युसेट्सच्या कौन्सिलने हुकूम दिला की घोषणापत्राची प्रत प्रत्येक पंथाच्या धर्मोपदेशकाला पाठवावी. त्याने ती मिळाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी प्रार्थना संपल्यावर आपल्या मंडळीसमोर वाचावी. मग ती गावच्या कारकुनाकडे द्यावी आणि त्याने ती गावच्या वहीत उतरून घ्यावी. हा हुकूम घोषणापत्राखालीच छापलेला आहे. खेड्यातल्या चर्चमध्ये बाकावर बसलेल्या बाईने, तिच्या मुलांनी, मागच्या कोपऱ्यातल्या गड्यांनी 'सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत' हे असं ऐकलं. तळाला रसेलचं नाव आणि 'अधिकाऱ्यांच्या हुकुमावरून' असा शेरा.

वर्षभर आधी हाच रसेल वेगळ्याच कागदासाठी गाजला होता. एप्रिल १७७५ मध्ये युद्धाला तोंड फोडणाऱ्या लेक्झिंग्टन-काँकर्डच्या चकमकीनंतर त्याने काढलेल्या पत्रकावर, मृतांच्या नावांसह, चाळीस काळ्या शवपेट्या ओळीने छापल्या होत्या. निरक्षरालाही त्या मोजता येत. ही क्लृप्ती टिकली. १८२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत फिलाडेल्फियाच्या जॉन बिन्सने अँड्र्यू जॅक्सनविरुद्ध पत्रक काढलं, त्यावर जॅक्सनच्या हुकुमाने गोळ्या घातलेल्या सहा सैनिकांच्या सहा शवपेट्या होत्या. जॅक्सन तरीही निवडून आला.

डनलॅपच्या दोनशे प्रतींपैकी आज २६ ठाऊक आहेत. डकवलेला कागद पावसात जातो, उरलेला पुडीला लागतो. पेनसिल्व्हेनियात अ‍ॅडम्सटाउनच्या जुन्या बाजारात १९८९ मध्ये कुणी चार डॉलरला चौकट आवडली म्हणून एक चित्र घेतलं आणि मागे घडी घातलेली डनलॅपची प्रत निघाली. १९९१ मध्ये ती २४ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. २६वी प्रत २००९ मध्ये लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, ज्या सरकारविरुद्ध ती छापली त्याच्याच दप्तरात सापडली.

असले कागद जपावेत हे त्याच काळात ज्याला कळलं तोही मुद्रकच, आयझाया थॉमस. १६ एप्रिल १७७५ च्या रात्री, युद्ध पेटायला तीन दिवस असताना, त्याने बॉस्टनमधून आपला छापखाना नदीपार काढला आणि वूस्टरला नेला. म्हाताऱ्या वयात, १८१२ साली, त्याने तिथे अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी स्थापन केली. त्याचं लाकडी यंत्र तिथे आजही आहे. १८१४ मध्ये त्याने बॉस्टनच्या एका मुद्रकाकडून बाजारू गाण्यांची तीनशेच्या वर पत्रकं विकत घेऊन बांधून ठेवली, सामान्य माणसं काय वाचतात हे पुढच्यांना कळावं म्हणून. याच मॅसॅच्युसेट्समधल्या मिशनरी मंडळाची माणसं १८१३ मध्ये मुंबईला उतरली आणि काही वर्षांतच त्यांनी मराठी छपाई सुरू केली. त्यांचा छापखाना बघून गणपत कृष्णाजींनी स्वतःचं यंत्र उभारलं आणि १८३१ मध्ये पंचांग छापलं. आमच्या कऱ्हाडच्या ट्रेडलपर्यंत येणारी एक वाट तिथून निघते.

एक तळ मी शेवटी ठेवला होता. डिसेंबर १७७६ मध्ये ब्रिटिश जवळ आले म्हणून काँग्रेस बाल्टिमोरला पळाली. तिथे १८ जानेवारी १७७७ ला ठराव झाला की घोषणापत्र सह्या करणाऱ्यांच्या नावांसह छापावं. ते छापलं मेरी कॅथरिन गोडार्डने. भावाने सुरू केलेलं वर्तमानपत्र ती चालवत होती आणि १७७५ पासून बाल्टिमोरची पोस्टमास्तरही होती. एरवी तिच्या कामांवर 'एम. के. गोडार्ड' एवढंच असे. या पानावर, हॅनकॉकपासून सगळ्यांच्या नावांखाली, तिने पूर्ण नाव जुळवलं: बाल्टिमोर, मेरीलँड, मुद्रक मेरी कॅथरिन गोडार्ड.

१७८९ मध्ये नव्या सरकारने तिला पोस्टातून काढलं. कारण दिलं की या कामात आता जास्त प्रवास आहे, तो बाईला झेपायचा नाही. बाल्टिमोरच्या दोनशेहून अधिक नागरिकांनी तिच्यासाठी अर्ज केला, तिने स्वतः राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला लिहिलं. उपयोग झाला नाही. पुढे कितीतरी वर्षं तिने पुस्तकांचं दुकान चालवलं. समानतेचा तो कागद छापणाऱ्या या बाईच्या घरातही एक गुलाम स्त्री होती, बेलिंडा स्टार्लिंग. १८१६ मध्ये मेरी कॅथरिन वारली तेव्हा मृत्युपत्राने तिने बेलिंडाला स्वतंत्र केलं आणि आपलं जे काही होतं ते तिच्या नावे केलं.